खाटेवरून तक्रार कशी करावी : एमई/सीएफएसच्या रुग्णांसाठी

अमळनेरला तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं टेबल असायचं. वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, बांधाच्या भांडणाच्या तक्रारी, रेशनकार्डातून नाव गळाल्याच्या कैफियती, असं लोकांचं गाऱ्हाणं कागदावर उतरवून देणं हा माझा धंदा. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोना झाला. भरती व्हावं लागलं नाही, ताप आठवड्यात उतरला, पण अंगातलं बळ गेलं ते गेलंच. आता टेबल भाचा सांभाळतो. मी खाटेवर पडून मजकूर सांगतो, तो टाइप करतो. हा मजकूरही असाच तुकड्यातुकड्यांनी सांगितलेला आहे.

ज्यांना मायअल्जिक एन्सेफलोमायलायटिस उर्फ क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस, झाला आहे किंवा झाला असावा अशी शंका आहे, आणि जे दरवेळी "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका, सकाळी फिरायला जा" एवढं ऐकून घरी येतात, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. एकट्या-दुकट्या डॉक्टरवर राग काढून काही होत नाही. बिचाऱ्याला कॉलेजात जे शिकवलं तेच तो सांगतो. वाद आहे तो त्या शिकवण्याशी. मोर्चा काढण्याइतकं अंग चालत नाही, म्हणून हा वाद कागदावरच घालावा लागतो.

मूळ वाद कधीपासूनचा

पक्षकार टेबलाशी बसला की माझा पहिला प्रश्न हाच असतो. इथेही तो विचारूनच पुढे जा, नाहीतर डॉक्टरांसमोर नुसती चिडचिड होते.

१९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर-नर्सांसकट सुमारे ३०० कर्मचारी एकापाठोपाठ आजारी पडले. हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने या आजाराला मायअल्जिक एन्सेफलोमायलायटिस हे नाव सुचवलं आणि १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो मज्जासंस्थेच्या आजारांच्या यादीत घातला. इथपर्यंत सगळं सरळ होतं. १९७० मध्ये दोन ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळले, एकाही रुग्णाला समोर बसवलं नाही, आणि जाहीर केलं की तो सामूहिक उन्माद असावा. त्यांचा एक आधार काय, तर आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. शेतात पाय न ठेवता चावडीत बसून पंचनामा लिहावा, तसला हा प्रकार. आणि आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, असा पंचनामा एकदा दप्तरी लागला की तो खोडायला पिढी जाते.

१९८८ पासून अमेरिकेच्या सरकारी खात्याने क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव चालवलं. ब्रिटनमध्ये एक मत बळावत गेलं : रुग्ण हालचालीला घाबरतो, पडून राहतो, म्हणून त्याचं अंग ढिलं पडतं, तेव्हा बोलून त्याची भीती काढा आणि दर आठवड्याला व्यायाम थोडा-थोडा वाढवा. सकाळी फिरायला जा हा सल्ला तुमच्या गावच्या डॉक्टरांपर्यंत पोचला तो या वळणाने.

२०११ मध्ये या मताच्या बाजूने मोठा पुरावा आला. नाव पेस चाचणी. ६४१ रुग्ण, सुमारे ५० लाख पौंड सरकारी खर्च. २०१३ मध्ये त्याच चाचणीच्या पुढच्या अहवालात निष्कर्ष काढला की समुपदेशन आणि वाढता व्यायाम या दोन्ही उपचारांनी सुमारे २२ टक्के रुग्ण बरे झाले. रुग्णांनी तो अहवाल खाटेवर पडून वाचला आणि त्यातली एक ओळ पकडली. शारीरिक क्षमतेला ० ते १०० गुण होते. चाचणीत आजारी म्हणून प्रवेश मिळायला ६५ किंवा त्याहून कमी गुण लागत. आणि बरा झाला म्हणायला ६० गुण पुरत. म्हणजे ६५ वर आत आलेला माणूस खालावून ६० वर गेला, तरी या कसोटीवर तो बऱ्यांत बसायचा! सुरुवातीच्या आराखड्यात हा आकडा ८५ होता, मध्येच तो खाली आणला. तलाठ्याने असा फेरफार केला असता तर प्रांताने दुसऱ्या दिवशी नोटीस काढली असती.

रुग्णांनी मूळ आकडेवारी मागितली, चाचणी चालवणाऱ्या विद्यापीठाने नाकारली. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने ब्रिटनच्या माहिती कायद्याखाली, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारख्याच कायद्याखाली, अर्ज केला आणि तो तडीस नेला. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने नावं वगळून आकडेवारी द्या असा हुकूम केला. मूळ आराखड्याचे निकष लावून पाहिल्यावर ते २२ टक्के एक आकडी झाले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे त्याच सरकारी आरोग्य खात्याने, या दोन्ही उपचारांची शिफारस काढून टाकली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी ब्रिटनच्या नाइस या संस्थेने नवी मार्गदर्शक सूचना काढली : ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम या आजाराचा उपचार म्हणून देऊ नये, आणि समुपदेशन हवं तर आधार म्हणून द्यावं, आजार बरा करणारं म्हणून नाही. २००७ ची त्याच संस्थेची शिफारस नेमकी उलटी होती.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या हातातला सगळ्यात जड कागद हाच आहे. "माझा विश्वास नाही" म्हणू नका. "२००७ ची सूचना २०२१ मध्ये बदलली आहे, साहेब" म्हणा. त्या अर्जदार रुग्णाबद्दल आणखी एक गोष्ट : लढा लढता लढता त्याची तब्येत फार खालावली. पुढे जिथे जिथे मी "थांबा" म्हणेन, तिथे ती आठवण ठेवा.

आधी आपली बाजू साफ करा

अर्जात एक खोटी ओळ निघाली की बाकीच्या दहा खऱ्या ओळी पडतात. तसंच इथे. थकवा शंभर कारणांनी येतो आणि त्यातली बरीच औषधाने जातात. ती तपासल्याशिवाय एमईचा झेंडा खांद्यावर घेऊ नका. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), किडनी-लिव्हर, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी), आणि खोकला-वजन घटणं असेल तर क्षयाची तपासणी. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. सातपुड्याच्या पट्ट्यातले, नंदुरबार-धडगाव-तळोदा, शिरपूर आणि चोपड्याच्या डोंगराकडचे, पावरा-भिल्ल घरांतले असाल तर सिकलसेलची तपासणी आधी. ती सरकारी दवाखान्यात होते आणि तिचा उपचार वेगळा आहे.

मन उदास आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं तर अंगावर जाऊ नका. तो रास्त प्रश्न आहे, नैराश्यानेही अंग गळतं. खरं उत्तर द्या. मी सांगतो ते असं : कामाची इच्छा आहे, कागद डोळ्यासमोर दिसतो, पण केलं की दोन दिवसांनी त्याची किंमत मोजावी लागते. इथेच फरक कळतो.

चिकुनगुनियानंतर सांधे धरून बसणं हेही आपल्याकडे खूप. ते आणि हे एकच समजू नका. दोन्ही एकत्रही असू शकतात.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाची चौकट सुटसुटीत केली. आधी जे करत होतो ते करण्याची ताकद सहा महिन्यांहून जास्त काळ ठळकपणे घटलेली आणि सोबत विश्रांतीने न जाणारा थकवा. श्रमानंतर लक्षणं बिघडणं. झोपूनही ताजेपणा न येणं. आणि यांच्या जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, या दोनांपैकी किमान एक. नाइसने वाट पाहण्याचा काळ तीन महिन्यांवर आणला. यातलं श्रमानंतर बिघडणं, ज्याला डॉक्टरी भाषेत पोस्ट-एक्झर्शनल मलेज किंवा पीईएम म्हणतात, तोच या खटल्यातला मुख्य साक्षीदार. तो मात्र उशिरा येतो. काम आज, कोसळणं उद्या-परवा. दवाखान्यात तो हजर नसतो, म्हणून त्याची साक्ष लेखी न्यावी लागते.

रोजकीर्द

दोन रेघांची वही घ्या. मोबाइलच्या ॲपपेक्षा वही बरी, कारण ती टेबलावर उघडी ठेवता येते आणि डॉक्टर तिच्यावर नजर टाकतोच. दिवसाला तीनच गोष्टी लिहा : काय केलं आणि किती वेळ, त्या दिवशी कसं होतं, आणि पुढच्या दोन दिवसांत काय झालं. "खूप थकवा", "असह्य वेदना" असले शब्द लिहू नका, त्यांना वजन नसतं. काय करता आलं नाही ते लिहा. माझ्या वहीतला एक उतारा :

"सोमवार. उभ्याने अंघोळ केली. ११ ते ११:४० वाटणीपत्राचा मजकूर सांगितला. रात्रीपर्यंत ठीक. मंगळवार. दुपारनंतर घसा धरला, बगलेतल्या गाठी दुखू लागल्या. बुधवार. फोन हातात धरवत नाही, छातीवर ठेवून बोललो. कुकरच्या शिट्टीने डोळ्यांत पाणी. भाच्याने सातबारा वाचून दाखवला, त्यातला पोटखराबा म्हणजे काय ते मला आठवेना."

पोटखराबा, म्हणजे शेतातली लागवडीला न येणारी जमीन! वीस-पंचवीस वर्षं रोज लिहिलेला शब्द. आणि अशी एक ओळ डॉक्टरांवर जे काम करते ते माझ्या दहा मिनिटांच्या रडगाण्याने झालं नव्हतं. तुमच्या धंद्यातला असा एखादा शब्द, एखादं काम शोधा. स्वयंपाकीण असाल तर भाकरी थापताना काय थांबतं ते लिहा. केळीच्या बागेत जाणारे असाल तर घड उचलायला हात कधी नाही म्हणतो ते लिहा.

वही चार-सहा आठवड्यांची झाली की पुरे. वर्षभराची रोजकीर्द कुणी वाचत नाही. शिवाय रोज लिहिणं हेही काम आहे, ते आपल्या हिशेबात धरा. ज्यांना लिहवत नाही त्यांनी घरातल्या शाळकरी पोराला सांगावं, पोरं फार प्रामाणिक नोंद ठेवतात. माझ्या पुतणीने एकदा "काका आज चिडले होते" असंही नोंदवून ठेवलं होतं. तेही राहू दिलं.

उभं राहण्याची चाचणी

ही घरी करता येते आणि हिचा आकडा डॉक्टरांना नाकारता येत नाही. बीपीचं मशीन हवं, दंडाला बांधायचं, मनगटाचं नको. सकाळी, ऊन चढायच्या आत करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी धडधाकट माणसालाही भोवळ येते, मग तो आकडा कशाचा ते कुणी सांगावं?

दहा मिनिटं उताणं शांत झोपा, शेवटी नाडी आणि बीपी लिहा. मग उठून भिंतीशी उभं राहा : टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे, खांदे भिंतीला टेकलेले. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी-बीपी लिहायचं. शेजारी धरायला माणूस हवाच हवा. डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम फुटला की लगेच आडवं व्हा, तिथपर्यंतची नोंदही पुरते. ज्यांना पूर्वी उभ्याने चक्कर येऊन पडायला झालंय त्यांनी घरी करूच नका, डॉक्टरांसमोर करा.

मोठ्या माणसाची नाडी दहा मिनिटांत ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तिथेच राहिली आणि बीपी फारसं पडलं नाही, तर पॉट्स नावाच्या दोषाची शंका घेतात. पोरवयात हा आकडा ४०. एमईच्या बऱ्याच रुग्णांत तो असतो आणि त्यावर काही ना काही करता येतं : पाणी, मीठ, पायांना घट्ट मोजे, काहींना नाडी आवरणारी गोळी. मीठ आणि गोळी मनाने सुरू करू नका. बीपी किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ घातक ठरेल. पण "काहीच नाही"पासून "काहीतरी सापडलं"पर्यंत केसपेपर इथेच सरकतो.

एक पानी अर्ज

आता लिहायचं ते एका बाजूला मावेल एवढंच. मसुदा देतो, फेरफार करून घ्या :

"मा. डॉक्टरसाहेब, सविनय सादर. विषय : श्रमानंतर बिघडणाऱ्या लक्षणांची केसपेपरवर नोंद घेणेबाबत.
अर्जदार अमुक महिन्यात तापाने आजारी होता. तेव्हापासून पूर्वीच्या कामापैकी सुमारे अमुक काम होते. थोडेही जास्त श्रम झाल्यास एक-दोन दिवसांनी लक्षणे वाढतात. नोंदवही सोबत जोडली आहे. उभे राहिल्यावर नाडीत होणाऱ्या बदलाचा तक्ताही जोडला आहे. सोबत पूर्वीच्या तपासण्यांच्या प्रती.
तरी विनंती की, (१) श्रमानंतर लक्षणे बिघडतात, ही बाब केसपेपरवर लिहावी. (२) उभे राहण्याची चाचणी आपल्यासमोर एकदा घ्यावी. (३) एमई/सीएफएसची शक्यता तपासावी, आणि तोवर वाढत्या व्यायामाचा सल्ला देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या यादीत या आजाराचा क्रमांक जी९३.३, नव्या यादीत ८ई४९ असा आहे."

तिन्ही मागण्या अशा, की त्यासाठी डॉक्टरांना फार खर्च नाही आणि त्यांचा मानही जात नाही. पहिली मागणी सगळ्यात महत्त्वाची. निदान झालं नाही तरी चालेल, नोंद झाली पाहिजे. नोंद झाली की पुढच्या डॉक्टरासमोर तुम्ही शून्यापासून सुरू होत नाही. नाइसच्या सूचनेतलं व्यायामाबद्दलचं एक पान झेरॉक्स करून मागे टाचा, सबंध पुस्तक नेऊ नका. आणि "नेटवर वाचलं" हे वाक्य तोंडून निघता कामा नये, ते ऐकलं की डॉक्टर पेन खाली ठेवतात.

दवाखान्यात

डॉक्टरकडे जायच्या आधी आपण दोन दिवस पडून राहतो, स्वच्छ कपडे घालतो, केस विंचरतो. डॉक्टर बघतो तो हा माणूस. माझ्या आईचंही तेच, दारातून बघून म्हणते, "वरतून त बेस दिखस रे भाऊ, मंग व्हयनं काय तुले?" तिला वाईट वाटायचं नसतं, तिला खरंच दिसत नाही. म्हणून दवाखान्यातून परत आल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाचा फोटो घरच्यांना काढायला सांगा आणि पुढच्या भेटीत दाखवा. लाज वाटते, काढा तरी.

सोबत कोण नेता यावर अर्धी भेट अवलंबून असते. मामा, शालक, मोठा भाऊ, कुणीही चालेल, पण निघण्यापूर्वी त्याला शिकवून ठेवा. नाहीतर हमखास तो मध्येच म्हणतो, "दिवसभर झोपलेलाच असतो, डॉक्टरसाहेब, तुम्हीच समजवा याला." आणि डॉक्टर-पाहुणे मिळून तुम्हाला समजवायला लागतात. सोबत्याने तीनच वाक्यं बोलायची : हा आधी काय-काय करायचा, आता काय होत नाही, आणि काम केल्यावर तिसऱ्या दिवशी मी काय पाहिलं.

बाई रुग्ण असेल तर सोबत्याची गरज दुप्पट. हे मला आवडत नाही, पण आहे ते सांगतो. १९७० च्या त्या पंचनाम्याचा वास अजून गेलेला नाही. तरुण मुलीला "लग्न झालं की बरी होईल" आणि पन्नाशीतल्या बाईला "पाळी जातेय" हे ऐकवलं जातं. नवरा किंवा भाऊ शेजारी बसून तेच शब्द बोलला तर ते लिहून घेतले जातात.

आपल्याकडे आणखी एक रोग आहे, सलाईनचा. अंग गळालं की एक बाटली लावा, ताकद येते. काही तास बरं वाटतं, विशेषतः उभं राहिल्यावर त्रास होणाऱ्याला, आणि मग पुन्हा तेच. "मुळासकट बरं करतो" म्हणणारा जडीबुटीवाला असो की पुण्या-मुंबईचा महागडा पाहुणा डॉक्टर, तो खिसा कापतोय असं समजा. या आजारावर आजच्या घडीला मुळासकट जाणारं औषध नाही. त्रास कमी करता येतो, एवढंच.

नाहीच ऐकलं तर

एका मोठ्या खासगी दवाखान्यात माझी फाइल न उघडता कागदावर ताणामुळे होणारा त्रास असं लिहून मला झोपेची गोळी दिली. भांडायला उभा राहिलो असतो तर तिथेच पडलो असतो. मी काय केलं, तर घरी येऊन पत्र लिहिलं. तुम्हीही तेच करा.

भरती होऊन उपचार घेतले असतील तर २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यायला हवीत. मागणी तोंडी करू नका. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. बाह्यरुग्ण असाल तर केसपेपरची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या, नंतर तो सापडत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी परवानगी मागू नका, नुसतं कळवा.

सरकारी दवाखाना असेल तर माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, ती पाळा. "माझ्यावर उपचार का केले नाहीत" असं विचारलंत तर काही येणार नाही, कारण माहिती अधिकारात 'का' चालत नाही, कागद काय आहे ते विचारायचं. असं लिहा : विषाणूजन्य आजारानंतर सहा महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या थकव्याच्या रुग्णांसाठी आपल्या रुग्णालयात असलेल्या उपचारपद्धतीची, परिपत्रकाची किंवा प्रशिक्षणाच्या कागदांची प्रत मिळावी. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. बहुधा "माहिती निरंक" असंच येईल. नाराज होऊ नका. निरंक हा सरकारी शिक्क्याचा पुरावा आहे की जिल्ह्यात या आजाराची व्यवस्थाच नाही, आणि पुढच्या निवेदनाला तो पहिलं जोडपत्र म्हणून लागतो. उत्तरच आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच) आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार हे मोठे दरवाजे आहेत. केवळ निदान पटलं नाही म्हणून तिथे जाऊ नका. वेगळं मत असणं म्हणजे निष्काळजीपणा ठरत नाही, आणि तारखांना जाऊन-जाऊन तुमचंच अंग संपेल. ज्यांना दवाखान्यात जाणंच शक्य नाही त्यांनी ई-संजीवनीवरून घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी बोलावं, आणि तिथेही वही कॅमेऱ्यासमोर धरावी.

इथे शेतमजूर बायांसाठी एक बोल. कापूस वेचणीच्या दिवसांत "ताकद राखून काम करा" हा सल्ला म्हणजे अर्धी मजुरी सोडा असं सांगणं आहे, हे मला कळतं. तरी जमेल तेवढं : सलग वेचण्यापेक्षा पाऊण ओळीला बसून घ्या, ओझं दुसरीकडे द्या, बसून निवडायचं काम मागून घ्या. आणि मुकादमाला आजाराचं नाव सांगू नका, डॉक्टरांनी उन्हात उभं राहायला मना केलंय एवढं सांगा. नावावर तो हसेल, उन्हाचं त्याला पटतं.

१२ मेचं निवेदन

१२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, जगभर या आजाराचा दिवस म्हणून पाळतात. २०१६ पासून निरनिराळ्या देशांत रुग्ण त्या सुमारास रिकामे बूट-चपला ओळीने मांडून ठेवतात, जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या नावाने. पद्धत उत्तम आहे, कारण निदर्शनाला रुग्ण लागतच नाही. पण खान्देशात १२ मेला पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. धरणं धरायचा विचारसुद्धा नको. कलेक्टर कचेरीसमोर मंडप, घोषणा, उपोषण, हे सगळं धडधाकट लोकांचं शस्त्र आहे.

करायचं ते असं. तालुक्यातले दोन-चार रुग्ण फोनवर जोडून घ्या. प्रत्येकाने आपली वापरातली चप्पल आणि वहीतली एक ओळ, नाव न लिहिता, घरच्यांबरोबर पाठवायची. सकाळी नऊच्या आत तहसीलच्या आवारात सावली असेल तिथे मांडायची, फोटो काढायचा, तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं आणि उचलून घ्यायचं. पोलीस ठाण्याला आदल्या आठवड्यात लेखी कळवा, त्याचीही पोच घ्या. निवेदन घरच्यांपैकी कुणी दिलं तरी चालतं, रुग्णाची सही पुरते.

मागण्या मोघम नकोत. "न्याय मिळालाच पाहिजे" यावर कुठला बाबू टिपणी लिहिणार? मी घालतो त्या अशा : प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत या आजारावर एक तास ठेवावा, केसपेपरवर श्रमानंतर बिघडण्याची नोंद घेण्याची सूचना काढावी, उभं राहण्याची चाचणी जिल्हा रुग्णालयात व्हावी, सिव्हिलमध्ये अशा रुग्णाला रांगेत उभं न करता बसायला किंवा आडवं व्हायला जागा द्यावी. पाचवी मागणी केंद्राकडे : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत आपल्या आजाराचं नाव नाही. सिकलसेल आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नवा प्रकार अधिसूचनेने घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला त्याच कायद्यात दिलेला आहे, तेव्हा ही मागणी कायद्याबाहेरची नाही. निरंक आलेलं उत्तर इथे जोडा.

पत्रकारांसाठी एक पान वेगळं छापा : आजार काय, पेसचे ते ६५ आणि ६० हे दोन आकडे, २०२१ चा बदल, आणि पाच मागण्या. तेच पान हातात द्या. बातमी छापून आली की फोन येतात, कुणाचा मुलाखतीसाठी, कुणाचा काढा सुचवायला. दुसरा आणि तिसरा दिवस फोन घरच्यांकडे ठेवा आणि रोजकीर्दीत कोरी जागा सोडा, त्या दोन दिवसांचं जे व्हायचं ते नंतर भरून घ्या. निवेदनाचं काय झालं ते विचारणारं स्मरणपत्र एक महिन्यानंतर, आवक क्रमांक टाकून.